इमेज क्वालिटी महत्त्वाची आहे, पण बजेट कमी आहे. कोणती मिररलेस (आत आरसा नसलेली, लेन्स बदलता येणारी) कॅमेरा बॉडी घ्यावी?

आधी लेन्स ठरवा. लेन्सचे पैसे बाजूला काढून जे उरेल त्यात बसणारी एपीएस-सी बॉडी घ्या, सेकंडहँड असली तरी चालेल. एपीएस-सीचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) फुल फ्रेमपेक्षा लहान असतो; फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ‘फुल फ्रेमच घे असं सगळे सांगतात.’ ते वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हे ‘सगळे’ म्हणजे एकटे आमचे दाजी.

भाचीच्या नाटकाची रंगीत तालीम होती. दाजींकडे नवी कोरी फुल फ्रेम आणि तिच्यासोबत आलेली २८-७० ची किट लेन्स. माझ्याकडे जुनी एपीएस-सी सोनी ए६००० आणि ५० मिमी एफ/१.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका आत येणारा उजेड जास्त). ‘हे खेळणं कशाला आणलंस?’ असं त्यांनी सगळ्या कलाकारांसमोर विचारलं. बहिणीचा नवरा, काय बोलणार!

आता हिशेब बघा. पूर्ण झूमला, म्हणजे ७० मिमीला, त्यांची लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडेना. १/१२५ सेकंदाचं शटर ठेवायला त्यांना आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे दिसतात) १२८०० लागला. त्याच उजेडात, त्याच शटरला, एफ/१.८ वर माझं १२५० मध्ये भागलं. एपीएस-सीवर ५० मिमीची फ्रेम फुल फ्रेमच्या ७५ मिमीएवढी, म्हणजे दोघांच्या फोटोत माणूस साधारण तेवढाच मोठा. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त, म्हणजे फायदा सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). लेन्सने मला सव्वातीन स्टॉप दिले. वजाबाकी तुम्हीच करा.

त्यात दाजींनी सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं, तालमीत आवाज नको म्हणून. बहुतेक कॅमेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. स्टेजवरचे एलईडी दिवे तेवढ्यात कितीतरी वेळा लुकलुकतात. भाचीच्या कपाळावर, नाकावर, मागच्या पडद्यावर आडवे काळपट पट्टे, फोटोमागून फोटो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढले होते, पण असले पट्टे रॉ असली म्हणून निघत नाहीत. माझं मेकॅनिकल शटर खाडखाड वाजत होतं, दिग्दर्शकाने एकदा वळूनही बघितलं, पण पट्टे नाहीत. रात्री ग्रुपवर माझे फोटो फिरले. दाजींचा अभिप्राय: ‘कंपोझिशन ठीक आहे.’

असो. नावं हवी असतील तर ए६००० (२०१४ ची आहे, अजूनही फोटो उत्तम देते), फुजीची एक्स-टी२० किंवा एक्स-ई३, निकॉनची झेड५०. झेड५० चे २०.९ मेगापिक्सेल बघून नाक मुरडू नका. २४ शी तुलना केली तर लांबी-रुंदीत जेमतेम सात टक्क्यांचा फरक पडतो, आणि ४के स्क्रीन भरायला ८.३ मेगापिक्सेल पुरतात. फुल फ्रेमच हवी असा हट्ट असेल तर निकॉन झेड५ घ्या, तिला बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) आहे. माझ्या ए६००० ला ते नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुम्ही ट्रायपॉड लावून, आयएसओ १०० वर निसर्गचित्रं काढून नंतर सावल्या उजळवणारे असाल, तर माझा वरचा हिशेब बाद. तिथे सेन्सरच बोलतो. पण तिथेही ‘फुल फ्रेम म्हणजे सरस’ हे सरसकट खरं नाही. कॅननच्या फुल फ्रेम ईओएस आरपीची डायनॅमिक रेंज (गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंत टिपायची क्षमता) बेस, म्हणजे मूळच्या कमी आयएसओला चांगल्या एपीएस-सी सेन्सरच्या मागे पडते. दाजी, वाचत असाल तर हे वाक्य पुन्हा वाचा. आणि हो, एफ/१.८ वर पुढचं पात्र शार्प आलं की मागचं धूसर होतं. दोघंही शार्प हवे असतील तर ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) लहान करावं लागेल, आणि माझे ते सव्वातीन स्टॉप तिथेच खर्च होतील. व्हिडिओचं मला विचारू नका, मी काढत नाही.

सेकंडहँड घेताना एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि झूम करून कोपऱ्यांपर्यंत बघा. धुळीचे ठिपके साफ करता येतात. सेन्सरवरचा ओरखडा निघत नाही, मग बॉडी बाहेरून कितीही चकचकीत असो, घेऊ नका.