खेड्यात फिरतीची नोकरी करणाऱ्या बाईने साडीच नेसावी का?

तुम्ही विचारलंय की यवतमाळकडच्या खेड्यात कृषी सहायक (आताचं नाव सहायक कृषी अधिकारी) म्हणून रुजू होताना साडीच नेसावी का, पँट-शर्टात गेलं तर शेतकरी ऐकतील का. मी याच भागात अकरा वर्षं हे काम करते आहे. पँट-शर्ट घाला. नावं दोन्हीकडून ठेवली जातात.

पहिल्या वर्षी साडीत गेले तर पारावर ऐकू आलं, "हे बाई का वावरात उतरते! धुऱ्यावरूनच फोटो काढीन अन् जाईन." (धुरा म्हणजे वावराचा बांध.) पुढच्या हंगामात पँट-शर्ट घातला, तर त्याच पारावर, "शहरातली पोरगी दिसते, इले पऱ्हाटीतलं काय समजन?" पऱ्हाटी म्हणजे कपाशी. एका बैठकीत तर वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आज सहलीला निघालात का?" शेजारी माझे सहकारी छातीची दोन बटणं उघडी टाकून, पायात चपला घालून बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

नियमाची भीती कोणी घातली तर ऐकून घेऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं, त्यातसुद्धा महिलांसाठी साडी आणि सलवार-कुर्त्यासोबत ट्राउझरवर शर्ट किंवा कुर्ता होताच.

आता वावराचं. सप्टेंबरात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते, काळी माती पायाला धरून ठेवते, आणि पदर असो की ओढणी, दर चार पावलांवर फांदीत अडकते. गुलाबी बोंडअळी धुऱ्यावरून दिसत नाही. आत शिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची. दोनांत अळी निघाली की फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्यात २०१७ साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा, बूट घाला हे मी दर सभेत सांगते. ते मी चपलांवर उभी राहून कसं सांगू?

मला खरी वाट दाखवली ती कापूस वेचणाऱ्या बायांनी. त्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट चढवतात, डोक्याला दुपट्टा बांधतात, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं हात सोलून काढतात. त्या शर्टाला गावात कोणी नावं ठेवत नाही. त्यांच्यातल्याच एक काकू मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी बी आमच्यासारका शर्टच घालत जा." तेव्हापासून मी साडी १५ ऑगस्टला नेसते, हौसेने.

पहिले दोन-तीन महिने लोक कपडेच बघतील. पारावर नावं ठेवणाऱ्या एका आजोबांनी, मी बोंडं फोडून दाखवल्यावर, स्वतःहून फोन करायला सुरुवात केली. काहींनी अजूनही केलेली नाही.

सलवार-कुर्ताच घालणार असाल तर स्कुटीवर बसण्याआधी ओढणीला मागे गाठ मारा, चाकात जाते. आणि बायकांच्या मापाचे गमबूट आमच्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत. रुजू होण्याआधी नागपूरहून घेऊन या.