चेंडू प्रत्येकाच्या हाती यायला हवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

खेळाच्या तासाला ४० मुलं, चेंडू १०, आणि तरी निम्मी मुलं नुसती उभी असतात, असं तू लिहिलंस. यात मुलांचा आळस नाही, त्यांना उभं ठेवते ती तासाची आखणी. चार रांगा करून रिले लावली की एका रांगेत १० जण येतात. एकाची धाव १० सेकंदांची धरली, तर पुढची पाळी येईपर्यंत तो दीड मिनिट थांबतो. म्हणजे अर्धा तास खेळ चालला तरी त्याच्या वाट्याला पळणं येतं ३ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. त्यात आपल्या तासाची भर एवढीशी असावी, हे माझ्या मनाला फार लागतं.

बाद होण्याचे खेळ तर याहून वाईट. कच्चा गडी सगळ्यांत आधी बाद होतो. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच कडेला बसून राहतो. बाद झालेल्याला बसवू नकोस, शेजारच्या गटात खेळायला पाठव.

तुझ्याकडे १० चेंडू आहेत, तर चौघांचे १० गट कर. फक्कीने आठ-आठ पावलांचे चौकोन आख, दोन चौकोनांत दोन पावलं मोकळी ठेव, आणि सुरुवात 'तिघांत एक' या खेळाने कर. तिघं कडेवर राहून हाताने पास देतात, चौथा मध्ये राहून चेंडू अडवतो. चेंडू हातात घेऊन चालायचं नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही, एवढे दोनच नियम सांग. पहिल्या मिनिटात काय होतं ते नीट बघ. पास देणारा चेंडू टाकतो आणि तिथेच उभा राहतो. उरलेले दोघं अडवणाऱ्याच्या पाठीमागे दडलेले असतात आणि 'इकडे, इकडे' म्हणून ओरडतात. अशा वेळी शिट्टी वाजवून भाषण देऊ नकोस. त्या गटाजवळ जाऊन दडलेल्याला एकच प्रश्न विचार, 'त्याला तू दिसतोयस का?' पोरगं दोन पावलं बाजूला सरकतं आणि पास मिळतो. जागा शोधणं म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी कळतं. डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प या इंग्लंडमधल्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८२ मध्ये हाच आग्रह धरला होता: आधी छोट्या खेळातून खेळाची समज येऊ द्या, कौशल्याची घोटाई त्या गरजेतून करा.

मधल्याला चेंडू सापडतच नसेल, तर चौकोन लहान कर. फारच सहज सापडत असेल, तर मोठा कर. आणि मधला गडी चेंडू मिळाल्यावर नाही, एका मिनिटाने बदल. नाहीतर हळू मूल तासभर मध्येच धावत राहतं आणि सगळ्यांसमोर रडकुंडीला येतं. जागा, नियम, चेंडू, माणसं या चारांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे कशाने फरक पडला ते तुला समजेल. भित्र्या मुलांना मऊ चेंडू दिलास तरी पुष्कळ काम होतं.

गट कोण पाडणार, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. कप्तान नेमून गडी निवडायला अजिबात लावू नकोस. शेवटपर्यंत उरलेलं मूल ती लाज कितीतरी वर्षं बाळगतं. 'एक ते दहा' मोजून गट पाडलेस, तर दोस्त एकाच गटात यावेत म्हणून नेमकं अंतर धरून उभे राहतात. आदल्या दिवशी वही घेऊन बस आणि गट लिहून काढ: प्रत्येक गटात एक तरबेज, एक बुजरा, आणि ज्यांचं एकमेकांशी जमत नाही ते दोघं वेगळ्या गटांत. महिना-दीड महिना गट मोडू नकोस. डॅरिल सीडेंटॉप या अमेरिकन अभ्यासकाने पंच, गुणलेखक, साहित्यप्रमुख अशी कामं मुलांकडेच सोपवण्याची पद्धत मांडली, ती इथे छान बसते. मात्र कामं दर आठवड्याला फिरव. दम लागणाऱ्या मुलाला कायमचा गुणलेखक करणं म्हणजे त्याला खेळातून काढून टाकणंच आहे.

सूचना मिनिटभरात संपव. एका गटाकडून खेळ करून दाखव आणि लगेच सगळ्यांना सुरू करू दे. तू मैदानाच्या कडेला, पाठ कुंपणाकडे करून उभा राहा, म्हणजे दहाही चौकोन नजरेत राहतील. मधोमध उभा राहिलास की निम्मे गट पाठीमागे जातात. गलका होईल, तो होऊ दे. मुख्याध्यापकांनी विचारलं, तर त्यांना एखाद्या चौकोनाजवळ नेऊन दोन मिनिटं उभं कर.

तास कसा झाला, हे तपासायला रोज एक मूल मनात निवड, शक्यतो मागे-मागे राहणारं. तीन मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ आणि चेंडू त्याच्या हाती किती वेळा आला ते मोज. आकडा वहीत लिही. पंधरवड्याने वही पाठव, पुढचे खेळ त्यावरून ठरवू.

तुझा,
सर