एका पेल्यात लालबुंद

प्रश्न : मी सोलमध्ये नोकरी करतो. 'होएशिक'ला, म्हणजे ऑफिसनंतरच्या एकत्र जेवणाला, शेजारचा कोरियन सहकारी सोजू या तिथल्या दारूच्या एकाच पेल्यात कानापर्यंत लाल होतो. म्हणून तो आधी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो. चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विष बनतं, लाली त्यानेच येते. ते निकामी करणारं एएलडीएच२ हे एन्झाइम त्याच्याकडे बहुधा जन्मतःच दुबळं असणार. पूर्व आशियात साधारण तिघांत एकाचं असतं. गोळीने लाली झाकते, विष तसंच साचतं आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'हळूहळू सवय होईल' म्हणणारे साहेब तिथेही असणारच! तिथे आपला पेला आपण भरत नाहीत, शेजाऱ्याने भरायचा. मग बाटली तुम्हीच धरा आणि त्याला पाणी ओता. सोजूही तसाच दिसतो.