कोर्टचा रंग सुटलाय, पण घाईने खरवडू नका

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. म्हणजे सोसायटीने टेनिस कोर्ट करून घेतलं, काँक्रीटचा स्लॅब एकाने टाकला, वरचं अॅक्रिलिक कोटिंग, म्हणजे रंगाचा थर, दुसऱ्याने केलं, पहिल्याच पावसात फुगे आले, पापुद्रे निघाले, आता कोटिंगवाला म्हणतो स्लॅबला ओल आहे, स्लॅबवाला म्हणतो मी काम चांगलंच दिलं होतं, आणि वरून कोटिंगवाल्याची राहिलेल्या पैशांसाठी नोटीस आलीय. कमिटीला सगळं खरवडून नवीन करायची घाई झालीय.

ती घाई आधी थांबवा. खरवडलं की पुरावा गेला, मग ग्राहक आयोगात तक्रार केली तरी नुसती तोंडी भांडणं उरतात.

सुटलेला पापुद्रा उलटा करून बघा. मागे सिमेंटची पांढरी भुकटी चिकटलेली असेल तर बहुतेक स्लॅबचा वरचा कच्चा थर न काढताच रंग मारलाय, अॅसिडने धुणं किंवा घासणं झालंच नाही. हे काम कोटिंग करणाऱ्याचं असतं. तो पापुद्रा तारीख टाकून, दोन सभासदांच्या सह्या घेऊन पाकिटात बंद करा. स्लॅबखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद घातला होता का, क्युरिंग कंपाऊंड फवारलं होतं का (ताजं काँक्रीट लवकर सुकू नये म्हणून मारायचं रसायन, त्यावर अॅक्रिलिक नीट धरत नाही), रंगाआधी साधारण २८ दिवस स्लॅब सुकू दिला का, हे दोघांच्याही बिलांवरून आणि व्हॉट्सअॅपवरून काढा. पाणी साचतं म्हणालात, तर कोर्टवर पाणी सोडून उन्हात तासाभराने जिथे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी उरेल तिथे खडूने गोल काढा, पट्टी ठेवून फोटो घ्या. उतार साधारण १०० ला १ हवा.

आता कोटिंगवाल्याचं म्हणणं. त्याच्या कोटेशनमध्ये "बेस तपासून काम करणार" असं लिहिलंय ना? मग स्लॅब ओला होता तर त्याने काम सुरू करण्याआधी लेखी सांगायला हवं होतं. कुरकुर न करता रंग मारला आणि आता ओलीकडे बोट दाखवतो, हे मला पटत नाही, आयोगालाही पटवणं त्याला जड जाईल. तरी एकालाच धरू नका, तक्रारीत दोघांनाही पार्टी करा, नाहीतर जो समोर असेल तो गैरहजर असलेल्यावर ढकलेल.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'व्यक्ती' या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, त्यामुळे सोसायटी तक्रार करू शकते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. टेनिस कोर्ट बाहेरच्यांना भाड्याने देत असाल तर मात्र ते आत्ताच सांगा, कारण हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही, अशी समोरचा हरकत घेणार हे नक्की.

दोघांनाही तारीख देऊन एकत्र पाहणीला लेखी बोलवा, आला नाही तर तसा पंचनामा करा, सोबत त्रयस्थ सिव्हिल इंजिनिअर ठेवा. पाहणी झाल्यावर दुरुस्ती जरूर करा, उगाच वर्षभर लांबवू नका, कारण करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान ठरवताना तुम्हाला ते कमी करता आलं असतं का हेही बघतात.

नोटिशीला मुदतीच्या आत उत्तर द्या, काम सदोष म्हणून पैसे अडवलेत एवढं त्यात स्पष्ट लिहा. उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाईलला लावा, आणि दोन्ही वर्क ऑर्डर मला पाठवा, मसुदा मी करून देतो.