भिंतीकडची बाजू

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. ‘ठेकेदार म्हणतो दाराच्या चौकटीला एका अंगाला दोन होल्डफास्ट पुरतात, गिलावा झाल्यावर कोणाला दिसतंय?’ अरे, चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या दिसत नाहीत म्हणूनच तर तो तसं म्हणतो! प्रामाणिकपणा वगैरे मी तुला शिकवणार नाही, ते तुझ्या घरात आहेच. एकच सांगतो. चौकटीची भिंतीकडची बाजू आधी, पॉलिशची नंतर.

दाराच्या चौकटीला एका अंगाला 3 होल्डफास्ट, तेही काँक्रीटमध्ये गाडलेले, उरल्यासुरल्या मालात नव्हे. मधला वगळलास तर पहिली काही वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दार आपटतं, धक्का बिजागरीतून चौकटीत जातो आणि चौकट व गिलावा यांच्यात बारीक भेग पडते. आपल्या कोकणातल्या पावसाला तेवढी पुरते. पाणी आत जातं, मागोमाग वाळवी. पुढून पॉलिश चकचकीत, पाठीला भुगा. म्हणून पाठीला डांबर फासायचं, आणि पायाच्या कापलेल्या टोकाला दोनदा, कारण लाकूड तिथूनच पाणी वर ओढतं. (हल्ली ग्रॅनाइटच्या चौकटी बसवतात. त्यातलं मला विचारू नकोस.)

ओलं लाकूड नको म्हटलं, तर तू म्हणालास, ‘काका, साग आहे.’ साग असला म्हणून काय झालं? लाकूड लांबीत आकसत नाही म्हटलं तरी चालेल, पण रुंदीत आकसतंच. ताजा कापलेला साग वाळेपर्यंत 4 इंचांत सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाऊ शकतो. मग कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सैल होतं आणि लोक वरून खिळा ठोकतात. तो खिळाही पुन्हा भिंतीकडून, दिसू नये म्हणून!

आणि रीपा, म्हणजे चौकटीला तात्पुरत्या ठोकायच्या लाकडी पट्ट्या. गवंडी दोन्हीकडून चिरे दाबत येतो तेव्हा चौकटीचे पाय आत ढकलले जातात. त्यासाठी खाली आडवी रीप आणि कोपऱ्यात तिरकी, दोन्ही कर्ण मोजून. तुझा ठेकेदार या रीपा दुसऱ्याच दिवशी काढून पुढच्या चौकटीला लावतो, हे तूच सांगितलंस. पाय दोन सूत आत आला की दार घासणार. मग पावसाळ्यात दाराची कड रंधायची, आणि उन्हाळ्यात त्याच फटीतून उजेड बघत बसायचं.

मला हट्टी मेस्त्री म्हणतात, ठाऊक आहे. या हट्टापायी एका संकुलाचं अख्खं काम हातचं गेलं, त्या वर्षी पोराच्या फीसाठी उसने घ्यावे लागले. त्याची रुखरुख आहेच, तुझी काकू ती विझू देत नाही. पण मी बसवलेल्या चौकटीचं दार रंधायला मला कुणी परत बोलावलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

उद्या ठेकेदाराशी भांडू नकोस. मालक साइटवर येईल तेव्हा, गवंडी कामाला लागण्याआधी, चौकट आडवी टाक आणि तिची पाठ त्याला दाखव. हे डांबर, हे तीन होल्डफास्ट. मालकाने एकदा पाठ बघितली की ठेकेदाराला दोनावर यायला तोंड उरत नाही. रीपा कमी पडत असतील तर माझ्या पडवीत आहेत, घेऊन जा. परत मात्र आणून दे.