जर्मनीत राजीनामा दिल्यावर बेकारभत्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : श्टुटगार्टमध्ये एका कंपनीत तीन वर्षं कायम नोकरीत आहे. वय 34. राजीनामा देऊन थोडं थांबावं आणि मग नवी नोकरी शोधावी असं मनात आहे. मित्र म्हणतात, नोकरी स्वतःहून सोडली की भत्ता मिळतच नाही. हे खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. तुमच्या पगारातून दरमहा बेकारी विम्याचा हप्ता कापला जातो. बेकार झाल्याच्या दिवसापासून मागच्या 30 महिन्यांत असे किमान 12 महिने भरले असतील, तर हक्क तयार होतो आणि राजीनाम्याने तो बुडत नाही. मात्र सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर 12 आठवड्यांची श्पेरत्साइट लागते, म्हणजे त्या काळात भत्ता बंद.

बहुतेकांना वाटतं की पैसे तीन महिने उशिरा सुरू होतील, एवढंच. तसं नाही. हे दिवस तुमच्या एकूण हक्कातून कायमचे वजा होतात आणि वजावट हक्काच्या किमान एक चतुर्थांश असते. दोन वर्षं किंवा जास्त हप्ते भरलेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाला 12 महिन्यांचा, म्हणजे 360 दिवसांचा हक्क असतो. त्यातले 90 जातात, 270 उरतात. जेमतेम एक वर्ष हप्ते भरलेल्याचा हक्क 180 दिवसांचा. त्याचे पूर्ण 12 आठवडे, म्हणजे 84 दिवस जातात आणि हातात 96 उरतात. नव्याने आलेल्यांना हा फटका फार मोठा बसतो.

भत्त्याची रक्कम ढोबळमानाने, हातात येणाऱ्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के असते, मूल असेल तर 67.

आता तुमच्या ‘थोडं थांबावं’बद्दल. भत्ता कामाला लगेच उपलब्ध असलेल्यांसाठी आहे. नोकरी शोधायचीच नसेल, तर तसं सांगून भत्ता मागता येत नाही आणि खोटं सांगणं अंगाशी येतं. शोधणार असाल, तर रोजगार कार्यालयात (आगेन्टुअर फ्युअर आर्बाइट) नोंदणी दोनदा करायची आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली नोंद ‘काम शोधतो आहे’ अशी : नोकरी संपायच्या किमान तीन महिने आधी. तेवढा वेळ नसेल, तर शेवटची तारीख कळल्यापासून तीन दिवसांत. तुम्ही राजीनामा देता तेव्हा ती तारीख तुम्हाला त्याच दिवशी कळलेली असते, हे लक्षात घ्या. उशीर झाला तर आणखी एका आठवड्याची श्पेरत्साइट. दुसरी नोंद ‘बेकार झालो’ अशी : उशिरात उशिरा बेकारीच्या पहिल्या दिवशी, स्वतः कार्यालयात जाऊन किंवा ओळखपत्राच्या इलेक्ट्रॉनिक सोयीने ऑनलाइन. पहिली केली की दुसरी आपोआप होते असं समजून लोक घरी बसतात आणि तेवढे दिवस गमावतात.

भत्ता बंद असला तरी नोंद वेळेवर कराच. नोंद असेल, तर श्पेरत्साइटच्या पहिल्या दिवसापासून आरोग्यविम्याचा हप्ता भरला जातो. नोंदच नसेल, तर तो तुमच्या खिशातून जातो. पेन्शनचा हप्ता मात्र या काळात कोणी भरत नाही.

प्रश्न : नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली. मी हॅम्बुर्गची नोकरी सोडून त्याच्याकडे जाणार आहे. मलाही 12 आठवडे थांबावं लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. लग्नाच्या जोडीदारासोबत राहण्यासाठी गाव बदलणं आणि तिथून रोज जुन्या नोकरीवर जाणं शक्य नसणं, हे मान्य असलेलं सबळ कारण आहे. पण कारण असून भागत नाही, ते दाखवावं लागतं. राजीनामा देण्याआधीच काम शोधत असल्याची नोंद करा आणि म्युनिकमध्ये अर्ज पाठवायला लागा. पाठवलेले अर्ज आणि आलेले नकार जपून ठेवा. लग्नाचा दाखला, नवऱ्याचा नोकरीचा करार आणि नव्या घराचा भाडेकरार भत्त्याच्या अर्जासोबत द्या. नोकरी शोधायचा काहीच प्रयत्न न करता सोडली असं दिसलं, की कारण चांगलं असूनही वाद निघतो.

इतर कारणांनाही हेच लागू. तब्येतीमुळे सोडत असाल तर डॉक्टरांचं मत राजीनाम्याच्या आधीच्या तारखेचं हवं. पगार थकत असेल तर मालकाला आधी लेखी ताकीद द्या. दुसऱ्या कंपनीने नक्की होकार दिला म्हणून सोडली आणि मग तिथलं फिसकटलं, तर तो होकार लेखी असणं तुम्हाला वाचवतं. ‘त्रास होत होता’ एवढं वाक्य पुरत नाही. कोणत्या दिवशी काय घडलं आणि तुम्ही कुणाकडे तक्रार केली, याची नोंद हवी.

प्रश्न : परीक्षाकाळातले (प्रोबेशनचे) पाच महिने झाले. मॅनेजर म्हणतात, ‘आम्ही काढण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा द्या, कामाचं प्रमाणपत्र चांगलं देऊ.’ काय करू?

उत्तर : सही करू नका. आपल्याकडे ‘काढून टाकलं’ हा शब्द लागू नये म्हणून माणूस आधीच राजीनामा देऊन मोकळा होतो. जर्मनीत त्या मानापायी तीन महिन्यांचा भत्ता जातो. परीक्षाकाळात कंपनीने नोकरी संपवली आणि तुमच्या गैरवर्तनाचा प्रश्न नसेल, तर श्पेरत्साइट लागत नाही. कामाचं प्रमाणपत्र मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी राजीनाम्याची किंमत द्यावी लागत नाही. ते नेटकं आणि तुमच्या बाजूचं लिहिलेलंच असावं लागतं. आणि एक : राजीनामा असो वा बडतर्फी, जर्मन कायद्यात कागदावर, शाईच्या सहीनेच ती वैध. रागाच्या भरात ईमेल पाठवला असेल, तर त्याने नोकरी संपलेली नाही.

दोन्ही बाजूंच्या संमतीने नोकरी संपवायचा करार पुढे आला, तरी तुमच्या सहीमुळे तोही स्वतःहून सोडण्यातच मोजला जातो. मग श्पेरत्साइट टळते कधी? कंपनी एरवी काढणारच होती आणि तेही तुमच्या वागणुकीमुळे नव्हे, तर कामच उरलं नाही यासारख्या कारणाने, हे करारात लिहिलेलं असेल. नोटिशीची पूर्ण मुदत पाळलेली असेल. आणि भरपाई नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंत असेल. मुदत कमी करून त्याबदली पैसे घेतले, तर भत्ता आणखी काही काळ थांबतो, आणि या थांब्यात आरोग्यविमाही मिळत नाही. ‘आजच सही करा’ असं म्हटलं तर वेळ मागून घ्या. करार वकिलाला किंवा कामगार संघटनेला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय निवास परवाना) आहे. भत्ता घेतला तर व्हिसा धोक्यात येईल का?

उत्तर : भत्त्यामुळे नाही. तुम्ही हप्ते भरून मिळवलेला हा विमा आहे, सरकारी मदतीवर जगणं यात तो धरत नाहीत. गरजूंना करातून मिळणारा भत्ता वेगळा, त्याने परवान्याला अडचण येऊ शकते. श्पेरत्साइटमध्ये पैसे संपले म्हणून तो मागायच्या आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचा सल्ला घ्या. खरा प्रश्न नोकरीविना राहण्याच्या मुदतीचा आहे. युरोपीय नियमानुसार ब्लू कार्डला दोन वर्षं झाली नसतील तर तीन महिने, झाली असतील तर सहा महिने मिळतात. नोकरी वेळेआधी संपल्याचं त्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तीन महिन्यांची मुदत आणि 12 आठवड्यांची श्पेरत्साइट जवळजवळ एकाच वेळी संपतात. म्हणून दोन वर्षांच्या आत हाती नोकरी नसताना राजीनामा देऊ नये, असंच आम्ही सांगू.

प्रश्न : मधल्या काळात पुण्याला जाऊन आलं तर?

उत्तर : आधी रोजगार कार्यालयाची परवानगी घेऊनच. ती वर्षाला साधारण तीन आठवड्यांपर्यंत मिळते, तीही नोकरी मिळण्यात अडथळा नसेल तर. न सांगता गेलात आणि नंतर कळलं, तर त्या दिवसांचा भत्ता परत मागतात. सहा आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला, तर परतल्यावर ‘बेकार झालो’ ही नोंद नव्याने करावी लागते.

प्रश्न : श्पेरत्साइटचं पत्र आलंय. कारण सांगितलं होतं, तरी मानलं नाही. आता?

उत्तर : पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घ्या. तिला शुल्क नाही. मुदत संपत आली असेल तर ‘मी हरकत घेत आहे, कारणं नंतर पाठवतो’ एवढं सहीनिशी पाठवा, पुरावे मागाहून जोडा. सोडण्याचं कारण सबळ नसलं तरी एक गोष्ट तपासा : तुमची नोकरी एरवीही सहा आठवड्यांत संपणारच होती का? उदाहरणार्थ, मुदतीचा करार. तसं असेल तर श्पेरत्साइट तीन आठवड्यांची होते, 12 आठवड्यांत संपणार असेल तर सहा. हरकत फेटाळली, तर पुढच्या एका महिन्यात सामाजिक न्यायालयात दावा करता येतो. विमाधारकाला तिथे न्यायालयाची फी नाही आणि पहिल्या पायरीवर वकिलाची सक्तीही नाही.