नफ्यातला 90 टक्के हिस्सा वाटून टाकावा लागतो, तर इक्विटी रेसिडेन्शिअलसारखा रीट इतका मोठा झाला कसा?

अमेरिकी कायद्यानुसार रीटला, म्हणजे मालमत्ता घेऊन भाड्याने देणाऱ्या गुंतवणूक कंपनीला, करपात्र उत्पन्नाचा किमान 90 टक्के भाग भागधारकांना द्यावा लागतो, हे तुमचं बरोबर आहे. पण ‘करपात्र’ या शब्दात बरंच काही दडलंय. तिथे भाड्याच्या निवासी इमारतीचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, साडेसत्तावीस वर्षांत विभागून उत्पन्नातून वजा होतो. इमारत उभीच असते, भाडंही येत राहतं, त्यामुळे हाती येणारी रोकड करपात्र उत्पन्नापेक्षा बरीच जास्त असते. या फरकातून डागडुजी आणि थोडंफार बांधकाम भागतं. हजारो घरं विकत घ्यायला मात्र तो पुरत नाही.

तिथे कर्ज तर येतंच, पण मोठं काम रीटचा स्वतःचा शेअर करतो. उद्योगपती सॅम झेल यांनी उभारलेली इक्विटी रेसिडेन्शिअल ऑगस्ट 1993 मध्ये शेअर बाजारात आली आणि मग मुख्यतः स्वतःचे शेअर देऊन एकेक कंपनी ताब्यात घेत गेली: 1997 मध्ये वेल्सफर्ड आणि इव्हान्स विदीकोम्ब, 1998 मध्ये मेरी लँड, 1999 मध्ये लेक्सफर्ड. स्वतंत्र इमारत मालकासाठी आणखी एक वाट असते. इमारत रीटच्या भागीदारी संस्थेला द्यायची आणि बदल्यात तिची युनिट्स, म्हणजे भागीदारीतला हिस्सा, घ्यायची. थेट विकली असती तर लगेच भरावा लागणारा कर त्यामुळे पुढे ढकलता येतो.

यातली मेख शेअरच्या भावात आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिकडेच होतं. समजा, कर्ज वजा जाता एका शेअरमागे 50 डॉलरची मालमत्ता आहे. बाजारात भाव 60 असेल, तर नवे शेअर काढून इमारती घेतल्यावर जुन्या भागधारकाचाही फायदा होतो. भाव 40 असताना तेच केलं, तर घरं वाढतात आणि जुन्या भागधारकाच्या वाट्याला कमी उरतं.

2000 च्या सुमारास या कंपनीकडे दोन लाखांहून जास्त घरं होती. पण त्यातली बरीच अशा भागांत होती, जिथे मोकळी जमीन मुबलक. भाडं वाढू लागलं की शेजारी कुणीतरी नवी इमारत उभी करायचं. म्हणून कंपनी उलट्या दिशेने निघाली: तिथली घरं विकायची आणि मोठ्या शहरांतली घ्यायची. लेक्सफर्डची घरं 2006 मध्ये विकली. 2013 मध्ये दिवाळखोर लेहमन ब्रदर्स बँकेकडून आर्चस्टोन ही भाड्याच्या घरांची कंपनी घेतली, तीही अ‍ॅव्हलॉनबे या दुसऱ्या रीटसोबत 60-40 वाटणीने. कर्ज धरून तो सौदा सुमारे 16 अब्ज डॉलरचा होता. लेहमनला काही मोबदला शेअरमध्येच मिळाला आणि पैसा उभा करायला कंपनीने जुन्या इमारतीही विकल्या. 2016 मध्ये आणखी 23 हजारांवर घरं स्टारवूड या गुंतवणूक कंपनीला 5.365 अब्ज डॉलरला दिली आणि त्या वर्षी भागधारकांना प्रतिशेअर 8 आणि 3 डॉलर असा विशेष लाभांश वाटला.

आज तिच्याकडे 80 हजारांहून जास्त घरं आहेत. तरीही मी या कंपनीला आक्रसलेली म्हणणार नाही. बोस्टन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या एका घराचं भाडं जुन्या कित्येक घरांना भारी पडतं.

तुम्ही कुठलाही निवासी रीट पाहत असाल, तर त्याचा प्रतिशेअर एफएफओ (नफ्यात घसारा परत मिळवून आणि मालमत्ता विक्रीचा नफा वगळून काढलेला आकडा) दहा वर्षांचा काढा आणि शेजारी एकूण शेअरची संख्या मांडा. घरांचा आकडा त्यानंतर बघा.